काटा कुठे आहे, ते आधी बघा

अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या राजापूर शहरात एकत्र येतात आणि पुढे वळणं घेत जैतापूरच्या खाडीला मिळतात. एके काळी व्यापारी गलबतं याच पाण्यातून राजापूरच्या धक्क्यापर्यंत चढत. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली ती याच सोयीमुळे. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे दिवस संपले. गलबतांना जो गाळ नको होता तोच शिंगाळ्याला आणि पाकटाला हवा असतो. मऊ चिखलाचा तळ, भरतीबरोबर खारं आणि ओहोटीबरोबर निवळणारं पाणी, कोळंबी-खेकड्यांची रेलचेल, असं असल्यावर हे मासे दुसरीकडे कशाला जातील? त्यामुळे राजापूरपासून जैतापूर-नाट्यापर्यंत कुठेही गरी टाकून बसा, तांबोशी किंवा गोबऱ्याची वाट बघताना तंगुसाला ओढ देणारा मासा बरेचदा शिंगाळाच निघतो, आणि अधूनमधून पाकट. दोघांच्याही अंगावर विषारी काटे असतात. कोकणात हे कुणाला नवीन नाही. पण हे विष नक्की कसलं असतं, कुठे असतं आणि कशाने उतरतं, हे विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात. विषारी माशांची नावं आणि चित्रं पाठ करण्यापेक्षा या विषाची रचना एकदा नीट समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे, असं माझं म्हणणं आहे. ती समजली की मासा कसा ओळखावा, कसा धरावा, काटा लागला तर काय करावं आणि तो मासा खावा की टाकावा, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळतात.

सापाचा विषदात म्हणजे इंजेक्शनची सुई: मागे विषाची पिशवी, ती दाबणारे स्नायू, आणि दातातून जाणारी नळी. माशाच्या काट्यात यातलं काहीच नसतं. काटा म्हणजे टोकदार, बरेचदा कडेला करवतीसारखे दाते असलेलं एक कठीण हाड. त्यावर पातळ त्वचेचं आवरण असतं आणि विष तयार करणाऱ्या पेशी त्या आवरणाच्या आत किंवा काट्याच्या खोबणीत असतात. काटा अंगात घुसला की आवरण फाटतं आणि त्या पेशींतलं विष जखमेत सांडतं. म्हणजे इथे मासा विष ‘सोडत’ नाही. माणूस आपल्याच जोराने काटा टोचून घेतो, किंवा घाबरलेला मासा शेपटी फटकारतो. हे शिकारीचं हत्यार नाही, बचावाचं आहे. असे मासे जगात किती असावेत, याचा अंदाज अलीकडेपर्यंत फारच तोकडा होता. २००६ मध्ये अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या संशोधकांनी तो बाराशे जातींच्या वर नेला. २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जेरेमी राइट यांनी एकट्या शिंगाळ्याच्या विस्तृत गोतावळ्यातच निदान साडेबाराशे, कदाचित सोळाशे विषारी जाती असाव्यात असं दाखवलं. यातली एकेक जात ओळखायला शिकणं हा गरवणाऱ्याचा धंदा नव्हे. त्याला फक्त काट्यांच्या जागा ठाऊक हव्यात, आणि त्या मोजक्याच आहेत.

शिंगाळा, त्याची धाकटी भावंडं म्हणजे शेंगट्या, आणि गोड्या पाण्यातला शिंगी यांच्याकडे पाहिलं की आधी मिशा नजरेत भरतात, आणि पोरंटोरं त्यांनाच घाबरतात. मिशा अगदी निरुपद्रवी. गढूळ तळाशी चव आणि स्पर्शाने खाणं हुडकायला त्या असतात. धोका तीन ठिकाणी: पाठीवरच्या पहिल्या पराचा पहिला काटा, आणि डोक्यामागच्या दोन्ही बाजूंच्या परांचे पहिले काटे. गोड्या पाण्यातल्या शिंगीचा पाठीवरचा पर अगदीच छोटा, त्याचे बाजूचे दोन काटे मात्र जबर वेदना देतात. गळाला लागलेला शिंगाळा पाण्याबाहेर आला की हे तीनही काटे ताठ उभे करतो. त्यांच्या मुळाशी हाडांचा असा काही सांधा असतो की काटा एकदा उभा राहिला की तिथे अडकून बसतो, बोटाने दाबून आडवा होत नाही. हातात धरलेला शिंगाळा कुरकुरतो, तो आवाज याच सांध्यात हाडावर हाड घासून निघतो. ती कुरकुर ऐकू आली म्हणजे काटे उभे आहेत असं धरून चालावं. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: लहान शिंगाळ्याचे काटे मोठ्याच्या काट्यांपेक्षा अणकुचीदार असतात. वय वाढलं की टोक बोथटतं. म्हणून वीतभर शेंगटी ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून मुठीत धरणारा फसतो. किनाऱ्यालगत शिंगाळ्याचा एक वामेसारखा, निमुळत्या शेपटीचा भाऊबंदही असतो. त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात आणि काट्याचं विष जास्त तीव्र. त्याच कुळातली एक पट्टेवाली जात सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरली आणि या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या कोळ्यांना हैराण करते आहे, ते याच काट्यांमुळे.

पाकटाची गोष्ट वेगळी. त्याचा काटा शेपटीवर असतो, पण अगदी टोकाशी नव्हे. शेपटीच्या वरच्या बाजूला, बुंध्यापासून थोडं पुढे. एकाऐवजी दोन-तीनही असू शकतात, कारण जुना काटा गळायच्या आधीच नवा येऊ लागतो. ‘याचा काटा मोडलाय’ म्हणून बिनधास्त राहण्यात अर्थ नाही तो यासाठी. दाते मागच्या दिशेने वळलेले असल्यामुळे काटा जाताना सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. पाकट वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेतं, नुसते डोळे वर. त्यामुळे गरवणाऱ्याला जितका त्याचा धोका, तितकाच उथळ पाण्यातून चालणाऱ्याला. २०१३ च्या गणेशोत्सवात मुंबईला गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या कित्येक भाविकांना पाकटांनी काटे मारले आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हापासून विसर्जनाच्या दिवसांत पाकट आणि जेलीफिशबद्दल सूचना निघू लागल्या. ओहोटीला कालवं किंवा तिसऱ्या काढायला खाडीत उतरणाऱ्या बायकांना अशा सूचना कोण देणार? पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत चालणं हा त्यावरचा साधा उपाय. पाकटाला चाहूल लागते आणि ते आपणहून निघून जातं. त्याच्या पाठीवर पाय पडला तरच ते शेपटी फिरवतं.

मुसाकाजी-आंबोळगडकडच्या खडपावर बसून गरवणाऱ्यांनी आणखी थोडी काळजी घ्यायला हवी. खडकाळ तळाला वावरणाऱ्या विंचूमाशांच्या कुळात, म्हणजे ज्यात लायनफिश आणि स्टोनफिश येतात त्यात, पाठीवरच्या पराचे सगळे पुढचे काटे विषारी असतात, शिवाय पोटाखालचेही. लायनफिशचे असे अठरा काटे मोजता येतात. रॅबिटफिश नावाचा, सशासारख्या लहान तोंडाचा, शेवाळ खाणारा मासाही तसाच: पाठीवर तेरा, गुदपराला सात, आणि पोटाच्या परांना दोन्ही कडांनी एकेक. खाडीतला ठिपक्याठिपक्यांचा, पसरट, ताटलीएवढा स्कॅटही याच पंगतीतला. या सगळ्यांना लागू पडणारा नियम एकच: अनोळखी माशाच्या परात ताठ, टोकदार काटे दिसले की तो विषारी आहे असं समजूनच हाताळावा. केंड मासा मात्र याच्या अगदी उलट. फुगणारा केंड हातात घेतला तर काट्याने विष देत नाही, पण त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. ते शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. शिंगाळा टोचतो पण खायला चांगला, पाकटाचं सुकं तर कोकणात आवडीने खाल्लं जातं. केंड टोचत नाही पण खाल्ला तर जीव जाऊ शकतो. काट्यातलं विष प्रथिनांचं बनलेलं असतं आणि प्रथिनं उष्णतेने मोडतात, म्हणून शिंगाळ्याची आमटी निर्धोक. केंडाचं विष प्रथिन नाही, म्हणून ते चुलीवर टिकतं.

विषाची ही घडण लक्षात ठेवली की मासा कसा धरावा हे वेगळं शिकवावं लागत नाही. विष पेशींत साठलेलं असतं, माशाच्या इच्छेवर अवलंबून नसतं. म्हणून मेलेल्या माशाचा काटाही लागतो, बर्फातल्या माशाचाही लागतो. जेटीवर फेकून दिलेल्या शेंगटीवर रात्री पाय पडला तर काटा रबरी चपलेच्या तळव्यातून आरपार येतो. घरी मासा साफ करताना अनेकांना काटा लागतो तो अशाच मेलेल्या माशाचा, कारण जिवंत नाही म्हणजे आता भीती नाही असं वाटतं. बाजारात कोळीण आधी काटे कोयत्याने छाटते आणि मगच पुढचं काम करते, तोच क्रम घरीही ठेवावा. छाटलेले काटे केराच्या पिशवीत मोकळे टाकू नयेत, उचलणाऱ्याचा हात असतो. गळ सोडवण्यासाठी लांब नाकाची पक्कड जवळ हवी. शिंगाळा जमिनीवर ठेवून त्यावर ओलं गोणपाट टाकावं आणि पकडीने गळ फिरवून काढावा. गोणपाट म्हणजे चिलखत मात्र नव्हे, त्यातूनही काटा जातो, म्हणून त्यावर हात जोराने दाबू नये. पाकट लागलं तर ते होडीत किंवा खडपावर ओढून घेण्याची हौस करू नये. पाण्यातच असताना तंगूस शक्य तितक्या तोंडाजवळ कापून टाकावं. एक गळ गेला तर जाऊ द्यावा. शेपटी कापून पाकट सोडून देण्याची एक रीत दिसते, तीही सोडावी. पाकटं अंडी घालत नाहीत, थोडकी पिल्लं देतात, आणि पकडलेली गाभण मादी ताणाने तिथेच पिल्लं टाकते. अशा माशाची संख्या एकदा घटली की भरून यायला फार वर्षं लागतात.

आता काटा लागल्यावर काय. वेदना लगेच सुरू होते, तासा-दीड तासात चढत जाते, आणि पाकटाची असेल तर धडधाकट माणूसही कळवळतो. यावर जगभरात पहिला उपचार सांगितला जातो तो साधा आहे: जखम धुवून, रक्त येत असेल तर दाबून थांबवून, तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सियसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. अमेरिकेत सॅन दिएगोच्या परिसरातल्या ११९ पाकटदंशांच्या नोंदींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला फक्त गरम पाण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी ८८ टक्के रुग्णांना अर्ध्या तासात दुसरं काही न देता आराम पडला होता. शंका घेणारे म्हणतात, विष मोडायला प्रयोगशाळेत ५० अंशांच्या आसपास उष्णता लागते, मांसात खोलवर तेवढी पोहोचणारच नाही, मग हे कसं? शंका रास्त आहे. काही अभ्यासकांच्या मते गरम पाण्याचा परिणाम विषावर कमी आणि वेदना वाहून नेणाऱ्या नसांवर जास्त होत असावा. कारण कुठलंही ठरो, आराम पडतो हे रुग्णांत दिसलं आहे. जखमी माणसाला तेवढं पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप बर्फाचा. सार्वजनिक सूचनांतूनही काटा लागलेल्या जागी बर्फ लावण्याचा सल्ला दिसतो आणि बर्फाने बधिर होतं हे खरंच. पण बर्फ आणि गरम पाणी यांची थेट तुलना झालेली आहे, ती ब्लूबॉटल जेलीफिशच्या बाबतीत. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ अंशांच्या पाण्याने ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फाच्या पिशवीने ३३ टक्के लोकांच्या. जेलीफिश म्हणजे पाकट नव्हे, हे मान्य. तरी प्रथिनांच्या विषाबाबत पुरावा ज्या बाजूला झुकतो ती बाजू उष्णतेची आहे. गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या उपायांतही हा धागा सापडतो. काटा लागला की शेक द्यायचा, असं सांगणारी आजी चुकत नव्हती. तिच्याच शेजारी बसून जखमेत चुना भरा, रॉकेल ओता, नाहीतर त्याच माशाचा गाळ चोपडा असं सांगणारा मात्र चुकत होता. उघड्या जखमेत काहीही भरणं म्हणजे जंतूंना आवतण. शेकातही अतिरेक नको. विडीचा चटका किंवा तापवलेला विळा लावून भाजण्याची जखम ओढवून घेतली जाते आणि विषाचं काही होत नाही. काटा लागलेल्या जागेची संवेदना बिघडलेली असते, म्हणून पाण्याचा गरमपणा नेहमी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासावा. मुलांचं पाणी मोठ्यांनी पाहावं.

सापाच्या उपचारांची नक्कलही इथे केली जाते: वर करकचून दोरी बांधणं, जखम चिरणं, तोंडाने ओढणं. सापाच्या बाबतीतही हे उपाय आता वर्ज्य मानले जातात, इथे तर त्यांना काही अर्थच नाही. सापाच्या लशीसारखी माशाची लस मिळेल, या आशेवरही राहू नये. माशांपैकी स्टोनफिशच्या विषावरचीच लस काय ती तयार होते, तीही ऑस्ट्रेलियात, १९५९ पासून. शिंगाळ्या-पाकटावर अशी लस नाही, आणि बहुतेक वेळा तिची गरजही पडत नाही.

इथे खाडीकाठचा एखादा जुना गडी हसेल. तो म्हणेल, आम्ही लहानपणापासून शेंगट्या हाताळतो, शंभरदा काटे लागले, मेलं कोण? त्याचं खरं आहे. या काट्यांनी मरण येणं फार दुर्मीळ. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या बॅट रीफवर वन्यजीवांवरच्या टीव्ही-कार्यक्रमांचे निवेदक स्टीव्ह अर्विन गेले, ते पाकटाचा काटा थेट छातीत घुसला म्हणून. असं लाखात एखाद्याच्या बाबतीत होतं, आणि छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतलेला असेल तर तो उपसून न काढता तसाच ठेवून माणसाला तातडीने रुग्णालयात न्यायचं असतं. पण जुन्या गड्याच्या हिशेबात एक मोठी चूक आहे. तो विषाचीच भीती मोजतो, आणि खरा धोका बरेचदा विष उतरल्यावर सुरू होतो. काट्याचं टोक किंवा वरच्या आवरणाचा तुकडा मांसात राहतो, आणि खाडीच्या मचूळ, कोमट पाण्यातले जंतू आत शिरतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्यातला सगळ्यात वाईट. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसात तो एक-दोन दिवसांत हातापायाचं मांस सडवू शकतो, जिवावरही बेतू शकतो. म्हणून वेदना थांबली की काम संपलं असं समजू नये. जखम खोल असेल, काहीतरी आत राहिल्यासारखं वाटत असेल, सूज वर चढत असेल, ताप आला असेल किंवा आधीपासून मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काट्याचं हाड एक्सरेत दिसू शकतं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि खोल जखम लगेच टाके घालून बंद करण्याची घाई बहुधा डॉक्टर करत नाहीत. त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: काटा कोणत्या माशाचा, आणि तो खाऱ्या पाण्यात लागला की गोड्या. जंतुनाशक औषध कोणतं द्यायचं हे त्यावरून ठरतं, कारण दोन्ही पाण्यातले जंतू वेगळे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सगळ्यात वजनदार आहे. खडपावर किंवा होडीत ४५ अंशांचं पाणी आणायचं कुठून? राजापूरजवळ उन्हाळे गावी बारमाही कढत पाण्याचा झरा आहे खरा, पण नाट्याच्या जेटीवर काटा लागलेल्याने तिथवर जायचं म्हणजे वाटेतच जीव मेटाकुटीला येईल. त्यापेक्षा चहाचा थर्मास घेऊन जाणाऱ्याने त्याच्याबरोबर साध्या उकळत्या पाण्याचा दुसरा थर्मास नेला तर काही ओझं होत नाही. रिकाम्या डब्यात ते ओतून खाडीचं नव्हे, पिण्याचं पाणी मिसळत गरमपणा आणता येतो, आणि थंड झालं की पुन्हा घालता येतं. जेटीवरच्या चहाच्या टपरीतही किटलीभर गरम पाणी कुणी नाकारत नाही. मशीनच्या होडीत इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी गरम असतं, दुसरं काही नसेल तर किनाऱ्याला लागेपर्यंत तेही चालतं, फक्त त्याखाली हात धरण्याआधी चांगल्या हाताने ते किती तापलंय ते बघून घ्यावं आणि किनाऱ्यावर आल्यावर जखम स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावी. पाण्यात पाय बुडवून बसलेला असतानाच १०८ ला फोन लावून ठेवता येतो; जैतापूरकडून राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ तसाही त्या पाण्यात बसण्यातच जायचा असतो.